दुबळ्या बाजूचा बचाव: अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेला तग का धरता आला नाही?

भुईकोट

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१-६५) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. दक्षिणेला जिंकायची गरजच नव्हती, नुसतं टिकून राहिलं असतं तरी पुरलं असतं. उत्तरेला एवढा मोठा मुलुख जिंकून ताब्यात ठेवायचा होता, दक्षिणेला फक्त उत्तरेची लढायची इच्छा संपेपर्यंत थांबायचं होतं. मग ते का जमलं नाही?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. दुबळ्याला बचावाची लढाई लढायची तर जमीन सोडता आली पाहिजे. मागे सरायचं, शत्रूची रसद लांबवायची, तो विखुरला की ठोकायचं. दक्षिणेचं सगळं अर्थकारण आणि समाजरचना गुलामगिरीवर उभी होती, आणि जिथून सैन्य मागे सरलं तिथली गुलामगिरी त्याच आठवड्यात ढासळायला लागायची. त्यामुळे ज्या एका गोष्टीवर बचाव चालतो तीच त्यांना परवडत नव्हती. ली, जॉन्स्टन, हूड या दक्षिणेच्या सेनापतींमध्ये कोण बरोबर हा वाद त्यानंतरचा.

बलाबल थोडक्यात. फुटून निघालेली ११ राज्यं, लोकसंख्या सुमारे ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम. उत्तरेकडे २ कोटी २० लाखांच्या आसपास माणसं आणि देशातली बहुतेक सगळी कारखानदारी. लोहमार्ग उत्तरेत २२ हजार मैल, दक्षिणेत ९ हजार, त्यातही रुळांची रुंदी जागोजागी वेगळी. दक्षिणेच्या बाजूने काय? अफाट मुलुख, ३,५०० मैलांचा किनारा, आणि घरच्या भूमीवर लढण्याचा फायदा.

पहिल्या वर्षी दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने सगळीकडेच पहारा बसवला. प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरला आपल्या सीमेवर फौज हवी होती. राज्यांचे हक्क या नावाखाली देश उभारला होता, मग एखाद्या राज्याला 'तुमचा भाग सध्या सोडतोय' असं सांगणार कोण? जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन तर पुढे सक्तीच्या सैन्यभरतीवरूनच डेव्हिसशी भांडत राहिला. पश्चिमेला अल्बर्ट सिडनी जॉन्स्टनकडे अॅपलेशियन डोंगरांपासून मिसिसिपी नदीपर्यंतची ३०० मैलांहून लांब फळी आली, आणि माणसं ५० हजारांच्या आत. नुसती दोरी ताणून धरलेली होती.

ती तुटली फोर्ट हेन्रीला. टेनेसी नदीच्या काठावर हा किल्ला इतक्या सखल जागी बांधला होता की फेब्रुवारी १८६२ च्या पुरात नदीचं पाणी आतच शिरलं. ६ फेब्रुवारीला उत्तरेच्या चिलखती नौकांनी तासा-दीड तासात तो घेतला. उत्तरेचा सेनापती ग्रँट याचं पायदळ अजून वाटेवरच्या चिखलात होतं. दहा दिवसांनी फोर्ट डोनेल्सन पडला, १२ हजारांवर माणसं कैद झाली. २५ तारखेला नॅशव्हिल गेलं. तीन आठवड्यांत केंटकी आणि टेनेसीचा मोठा भाग हातचा गेला.

आता दुसरी बाजू. बचाव म्हणून बचाव किती जबरदस्त होता हे बघायचं तर फ्रेडरिक्सबर्ग घ्या. १३ डिसेंबर १८६२. मेरीज हाइट्स नावाच्या टेकाडाच्या पायथ्याला एक खोलगट रस्ता, त्याच्या कडेला दगडी गडगा. त्यामागे दक्षिणेचे बंदूकधारी एकामागे एक रांगा लावून उभे. मागचे बंदुका ठासून पुढे देताहेत, पुढचे झाडताहेत. समोर उघडं मैदान. उत्तरेच्या तुकड्यांमागून तुकड्या चाल करून आल्या, गडग्यापर्यंत एकही पोहोचली नाही. दिवसअखेर उत्तरेचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १२,६०० च्या आसपास, दक्षिणेचे ५,३०० च्या आसपास.

आणि १८६४ मध्ये जॉर्जियात जोसेफ ऊर्फ जो जॉन्स्टनने (हा दुसरा जॉन्स्टन) हीच गोष्ट शास्त्रासारखी केली. त्या खंदकांची रचना वाचण्यासारखी आहे. खणलेली माती पुढे टाकून बांध. बांधावर आडवा जाड ओंडका. ओंडका आणि माती यांच्यामध्ये बंदुकीची नळी जाईल एवढीच फट, म्हणजे नेम धरणाऱ्याचं डोकं झाकलेलं. ओंडक्याखाली खंदकावरून मागच्या काठापर्यंत बल्ल्या टाकलेल्या. तोफगोळा लागून ओंडका निसटलाच तर तो माणसांच्या अंगावर न पडता बल्ल्यांवरून मागे घरंगळत जावा म्हणून. समोर झाडं तोडून, फांद्या शत्रूकडे करून रचलेली. अशा मोर्चावर २७ जून १८६४ ला केनेसॉ डोंगरापाशी उत्तरेच्या शेरमनने समोरून हल्ला केला, ३ हजार माणसं गमावली. जॉन्स्टनची गेली १ हजार. एरवी शेरमन बगल देऊन पुढे जायचा, जॉन्स्टन मागे सरून नवी फळी धरायचा. डाल्टनपासून अटलांटाच्या वेशीपर्यंत हेच चाललं.

रिचमंडला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीला, हे मागे सरणं सहन होईना. १७ जुलैला जॉन्स्टनला काढलं, हूडला आणलं. हूडने २०, २२ आणि २८ जुलैला हल्ले केले, खंदकात जपलेली फौज उघड्यावर आणून खर्ची घातली. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं.

डेव्हिसला सगळे यासाठी दोष देतात. मला वाटतं त्याच्या खुर्चीत बसलेला कुणीही तेच करता, कारण प्रत्येक माघारीनंतर मागे राहिलेल्या गावांमधले गुलाम मालकांना सोडून उत्तरेच्या छावणीकडे निघत होते. तुम्हाला काय वाटतं?

(एक स्पष्ट करतो. ही बाजू माणसांना मालमत्ता म्हणून ठेवण्यासाठी लढली, आणि हरली हे जगाच्या भल्याचंच झालं. चर्चा रणनीतीची आहे, हळहळ नाही.)

---

तोफखाना

लेख छान, पण मूळ मुद्दा पटला नाही. तुम्ही बचावाला जरा जास्तच मार्क देताय.

नुसता बचाव करणाऱ्याचा शेवट कुठे होतो? वेढ्यात. मिसिसिपीवरच्या व्हिक्सबर्गमध्ये दक्षिणेचा पेम्बर्टन शहर धरून बसला, ४७ दिवसांनी ४ जुलै १८६३ ला २९ हजारांवर माणसांसकट शरण गेला. रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गला ली खंदकात गेला जून १८६४ मध्ये आणि एप्रिल १८६५ पर्यंत हलू शकला नाही. एकदा वेढा पडला की उरतो तो फक्त वेळेचा प्रश्न, हे लीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने १८६२ पासून शत्रूच्या अंगावर जायचं धोरण ठेवलं.

जून १८६२ ची परिस्थिती आठवा. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन रिचमंडच्या दाराशी. जो जॉन्स्टन तिथेही मागे मागेच सरत आला होता. तो जखमी झाला, ली आला. आधी त्याने खंदक खणायला लावले तर लोकांनी त्याला 'फावड्यांचा राजा' म्हणून हिणवलं. पण ते खंदक कशासाठी होते? थोडक्या माणसांत राजधानी राखून उरलेली सगळी फौज हल्ल्याला मोकळी करायला. सात दिवसांच्या लढायांत त्याने मॅक्लेलनला मागे रेटला. त्याच्या आधी दक्षिणेच्या जॅक्सनने व्हर्जिनियातल्या शेनान्डोआच्या खोऱ्यात थोडक्या फौजेनिशी इतका धुमाकूळ घातला होता की लिंकनने मॅक्लेलनकडे जाणारी कुमक अडवून ठेवली. दुबळ्याने पुढाकार घेतला की बलाढ्यही गोंधळतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

उत्तरेचं मनोधैर्य खचवायचं तर विजय हवेत. खंदकात बसून वर्तमानपत्रात मथळे येत नाहीत.

---

भुईकोट

@तोफखाना, सात दिवसांचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. त्यात लीची २० हजार माणसं गेली, मॅक्लेलनची १६ हजार. जिंकलेल्या आणि दुबळ्या बाजूचं नुकसान जास्त! एकट्या मॅल्व्हर्न हिलवर, १ जुलैला, त्याने चढावर तोफांच्या तोंडी माणसं पाठवली. चॅन्सलर्सव्हिलला त्याचा सगळ्यात देखणा विजय, तिथे १३ हजार गेले आणि जॅक्सनही गेला. मग गेटिसबर्ग, २३ ते २८ हजार. उत्तर ही भोकं भरून काढू शकत होती, दक्षिण नाही.

आणि १८६४ चा हिशेब बघा. ग्रँट मे महिन्यात निघाला तो वाइल्डरनेस, स्पॉटसिल्व्हानिया, कोल्ड हार्बर करत जूनमध्ये पीटर्सबर्गला पोहोचला तेव्हा त्याची ५५ हजार माणसं खर्ची पडली होती. ली तेव्हा खंदकातूनच लढत होता. उत्तरेत त्या उन्हाळ्यात जो हाहाकार झाला तो कशामुळे? २३ ऑगस्टला लिंकनने आपण निवडणूक हरणार असं धरून एक टिपण लिहिलं आणि मंत्र्यांच्या, मजकूर न दाखवता, त्यावर सह्या घेतल्या. मथळे यायला विजयच लागतात असं नाही. मृतांच्या याद्याही छापल्या जातात.

वेढ्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. म्हणूनच व्हिक्सबर्ग हा मला बचाव वाटत नाही. जॉन्स्टन पेम्बर्टनला सांगत होता, शहर सोड, फौज वाचव. डेव्हिस सांगत होता, शहर धर. शेवटी दोन्ही गेलं.

---

नकाशेवाला

दोघंही नकाशाबद्दल बोलत नाही आहात, म्हणून मध्ये पडतो.

व्हर्जिनियात नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. रॅपिडॅन, रॅपाहॅनॉक, नॉर्थ अॅना. उत्तरेकडून रिचमंडला यायचं तर प्रत्येक नदी आडवी येते. लीला निसर्गानेच एकामागे एक खंदक खणून दिले होते. पश्चिमेला नेमकं उलटं. टेनेसी आणि कंबरलँड दक्षिणेच्या पोटातून वळसा घेऊन उत्तरेला ओहायो नदीला मिळतात, आणि मिसिसिपी तर सरळ उभी चिरतच जाते. तिथे नदी म्हणजे शत्रूसाठी रस्ता. फोर्ट हेन्री पडल्याबरोबर उत्तरेच्या नौका टेनेसीवरून थेट अलाबामातल्या फ्लोरेन्सपर्यंत जाऊन आल्या. एवढ्या आत, एक किल्ला पडला म्हणून!

म्हणून ली थोर आणि पश्चिमेचे सेनापती कुचकामी हा निवाडा मला नेहमी अन्यायाचा वाटतो.

पश्चिमेला एकच खरी ढाल होती, ती म्हणजे केंटकीची तटस्थता. ते राज्य तटस्थ असेपर्यंत उत्तरेला या नद्यांच्या तोंडाशी फौज आणणं राजकीयदृष्ट्या जड होतं. सप्टेंबर १८६१ मध्ये दक्षिणेच्या लिओनिडास पोकने कोलंबस हे मिसिसिपीवरचं मोक्याचं गाव घेण्यासाठी केंटकीत फौज घुसवली, आणि राज्य उत्तरेच्या बाजूला गेलं. एका टेकाडासाठी शेकडो मैलांची भिंत स्वतःच्या हाताने पाडली.

लोहमार्गांचंही तसंच. अंतर्गत वाटांचा फायदा कागदावर मोठा. जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत जोसेफ जॉन्स्टनने शेनान्डोआतून रेल्वेने माणसं आणली आणि लढाई फिरवली, तेव्हा तो फायदा दिसला. पण सप्टेंबर १८६३ मध्ये लीचा अधिकारी लाँगस्ट्रीट याचे १२ हजार लोक व्हर्जिनियातून जॉर्जियातल्या चिकामॉगाला पाठवायचे होते, तोवर वाटेवरचं नॉक्सव्हिल पडलेलं. सरळ मार्ग बंद, मग कॅरोलिना-अटलांटा असा ९०० मैलांचा फेरा. जागोजागी गाडी बदला, झिजलेले रूळ, दमलेली इंजिनं. लढाईच्या वेळेला निम्मेच पोहोचले. तेवढ्यांनीही लढाई जिंकून दिली, पण ही चाल पुन्हा करता येण्यासारखी राहिली नव्हती.

---

सोनकी

माझा भाबडा प्रश्न. मुलुख एवढा मोठा, जंगलं, डोंगर, दलदली, घोड्यावर वाढलेली माणसं. मग सरळ गनिमी कावा का केला नाही? शहरं देऊन टाकायची आणि वर्षानुवर्षं छळत राहायचं.

---

भुईकोट

@सोनकी, प्रश्न अजिबात भाबडा नाही, धाग्याचा गाभाच तो आहे.

छोट्या प्रमाणावर केला. व्हर्जिनियात मॉस्बीच्या स्वारांनी उत्तरेच्या रसदीला खूप त्रास दिला. एप्रिल १८६२ मध्ये अशा तुकड्यांना मान्यता देणारा कायदाही केला, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये तो रद्दही केला, कारण बऱ्याच टोळ्या आपल्याच लोकांना लुटत होत्या. मिझुरी-कॅन्ससच्या सीमेवर तर निव्वळ सूडाची कत्तल झाली. ऑगस्ट १८६३ मध्ये लॉरेन्स गावात दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं घराघरातून ओढून मारली.

९ एप्रिल १८६५ ला, शरणागतीच्या दिवशी सकाळी, पोर्टर अलेक्झांडर या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लीला सुचवलंही, शरण जाण्यापेक्षा माणसांना रानोमाळ पांगू द्या. लीने नकार दिला. पोटासाठी लुटालूट करणाऱ्या टोळ्या तयार होतील आणि देश सावरायला कित्येक वर्षं लागतील, असं त्याचं म्हणणं.

पण माझ्या मते त्याहून खोल कारण वेगळं आहे. गनिमी कावा रयतेच्या आधारावर चालतो. लपायला घर, खायला भाकरी, शत्रूची खबर. दक्षिणेतल्या दर दहा माणसांतली जवळजवळ चार माणसं गुलाम होती, आणि ती खबर कुणाला देणार? मे १८६१ मध्येच, युद्ध जेमतेम महिन्याभराचं असताना, दक्षिणेच्या तोफांचे मोर्चे बांधायला जुंपलेले तीन गुलाम पळून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला आले, आणि तिथल्या सेनाधिकारी बटलरने त्यांना परत द्यायला नकार दिला.

रॉबर्ट स्मॉल्सचं उदाहरण तर बघाच. चार्ल्सटन बंदरात 'प्लॅंटर' नावाची लष्करी बोट, तिचा सुकाणू धरणारा हा गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. स्मॉल्सने कप्तानाची हॅट डोक्यावर चढवली, वाटेत बायका-पोरांना बोटीत घेतलं, आणि दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टरसमोरून जाताना शिट्टीचा ठरलेला इशारा देऊन बोट थेट उत्तरेच्या नाकेबंदीकडे नेली. बोटीवर तोफा होत्याच, पण त्याहून मोठी भेट म्हणजे त्याच्या डोक्यातली माहिती: बंदराच्या वाटा, कुठले मोर्चे दक्षिणेने रिकामे केलेत ते. ज्या माणसाच्या हातात तुमचं सुकाणू आहे तोच तुमचा कैदी असेल, तर तुम्ही बचाव कसला करणार?

उलट गोऱ्या माणसांनाच मागे ठेवावं लागे. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने २० किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला सैन्यभरतीतून सूट दिली. गरीब शेतकऱ्यांच्या पोरांना हे फार झोंबलं.

---

अनामिका_के

इथे आपल्याकडचा एक धागा जोडते. दक्षिणेच्या बचावाचा एक मोठा खांब कापूस होता. ब्रिटनच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, कापूस थांबवला की ब्रिटन धावत येऊन आम्हाला मान्यता देईल, हा दक्षिणेचा हिशेब. १८६१ मध्ये उत्तरेची नाकेबंदी अजून कच्ची होती, तेव्हा दक्षिणेने स्वतःच कापूस अडवून धरला. विकून तोफा-बंदुका घ्यायची तीच वेळ होती! १८६० चं पीक भरघोस आलं होतं, ब्रिटनची गोदामं भरलेली होती, त्यामुळे पहिलं वर्ष त्यांना झळच लागली नाही. झळ लागली तेव्हा ते इजिप्तकडे आणि हिंदुस्थानकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, धारवाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून लिव्हरपूलला जायला लागला, भाव कित्येक पट चढले.

मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदसारखे सट्टेबाज, बॅक बे भरावाची कंपनी, रोज नव्या बँका. १८६५ च्या वसंतात ली शरण आल्याची खबर आली आणि कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला, पेढ्यांवर पेढ्या गेल्या. मुंबईतल्या सट्टेबाजांची सगळी मदार दक्षिण टिकण्यावर होती, हे वाचताना अंगावर येतं.

आणि त्याच युद्धाकडे पुण्यातून बघणारा एक माणूस नेमकं उलटं बघत होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. भुईकोट, रणनीतीच्या चर्चेतही गुलामांना तुम्ही मध्यभागी ठेवलंत, म्हणून हे आवर्जून लिहिलं.

---

तोफखाना

@अनामिका_के, कापसाचा मुद्दा उत्तम.

भुईकोट, गुलामांबद्दलचं तुमचं म्हणणं वजनदार आहे, मान्य. पण मग त्यातून माझाच निष्कर्ष निघत नाही का? जमीन सोडणं परवडत नाही आणि वेळ आपल्या बाजूने नाही, तर उरतो एकच मार्ग: शत्रूच्या मुलुखात जाऊन लवकर निकाल लावणं. लीने तेच केलं.

---

भुईकोट

खरंय, तर्काने तिथेच पोहोचतो. लीच्या हल्ल्यांमागे फक्त त्याचा स्वभाव नव्हता, हे मीही म्हणतो. फक्त त्या मार्गाने माणसं पुरत नव्हती. लीची चाल अँटिएटमला अडली (१७ सप्टेंबर १८६२), त्यानंतर तर लिंकनला मुक्तीचा जाहीरनामा काढायची संधीच मिळाली, आणि तिथून गुलामांचं पळणं हे उत्तरेचं अधिकृत हत्यार झालं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले, बहुतेक गुलामगिरीच्या राज्यांतूनच आलेले. दक्षिणेने गमावलेलं मनुष्यबळ समोरच्या फळीत बंदूक घेऊन उभं राहिलं.

---

नकाशेवाला

दक्षिणेत कुणालाच हे सुचलं नाही का, की गुलामांना मुक्त करून आपल्याच फौजेत घ्यावं?

---

भुईकोट

सुचलं. पॅट्रिक क्लेबर्न, आयर्लंडहून आलेला, पश्चिमेकडच्या फौजेतला बहुधा सगळ्यात चांगला डिव्हिजन कमांडर. जानेवारी १८६४ मध्ये त्याने डाल्टनच्या छावणीत बाकीच्या सेनाधिकाऱ्यांपुढे लेखी प्रस्ताव वाचला: माणसं संपत चाललीत, गुलामांना सैन्यात घ्या आणि बदल्यात स्वातंत्र्य द्या. काही जण संतापले. डेव्हिसने प्रस्ताव दाबून टाकायला सांगितला. क्लेबर्नला पुढे बढती मिळाली नाही. ३० नोव्हेंबर १८६४ ला टेनेसीत फ्रँकलिनच्या लढाईत हूडने पुन्हा खंदकांवर समोरून चाल करायला लावली, त्यात दक्षिणेचे सहा जनरल पडले. क्लेबर्न त्यांतला एक.

शेवटी १३ मार्च १८६५ ला गुलामांना सैनिक करायचा कायदा झाला, तोही मुक्तीची हमी न देता. रिचमंडमध्ये थोड्याशा माणसांची कवायत सुरू झाली. ३ एप्रिलला रिचमंड पडलं, आणि शहरात शिरलेल्या उत्तरेच्या पहिल्या तुकड्यांमध्ये कृष्णवर्णीय पलटणी होत्या.